महाविद्यालयातील हिंसा आणि बघणारे आपण

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात विंझर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. बँकेत लिपिक आहे. दिवसभर खिडकीच्या आत बसून बोलण्याची सवय, त्यामुळे समोर एवढी माणसे आणि मध्ये काच नाही म्हटल्यावर थोडे अवघडल्यासारखे होते. संयोजकांनी मला 'बँकेच्या परीक्षांची तयारी' या विषयावर बोलायला सांगितले होते. मी त्यांच्याकडून विषय बदलून मागितला. परीक्षेची पुस्तके बाजारात मिळतात, क्लासच्या जाहिराती तर एस.टी.च्या पाठीवरही असतात. पण आज ज्या मुलामुलींचा आपण सत्कार केला ती उद्या भोरला, पुण्याला, कुणी वसतिगृहात, कुणी कॉट बेसिसवर राहायला जातील. तिथे त्यांना अभ्यासापेक्षा अवघड असे काही बघावे लागेल. त्याविषयी कोणी बोलत नाही म्हणून मी बोलणार आहे.

सुरुवात आपल्या शेजारापासूनच करतो. मार्गासनीवरून गुंजवण्याकडे वाट वळते ती राजगडाची. जून २०२३ मध्ये याच राजगडाच्या पायथ्याशी दर्शना पवार या मुलीचा मृतदेह सापडला. कोपरगावची मुलगी. स्पर्धा परीक्षा देऊन वनपरिक्षेत्र अधिकारी म्हणून निवड झालेली, सत्कार घेण्यासाठी पुण्याला आलेली. १२ जूनला ती ओळखीच्या एका तरुणाबरोबर गडावर गेली आणि परत आली नाही. १८ तारखेला मृतदेह मिळाला. लग्नाला नकार दिल्यामुळे त्या तरुणानेच तिचा खून केला, असे पोलिसांचे म्हणणे आहे. तेव्हा आपल्या भागात आठ-पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता. आणि मला अजून आठवते, चहाच्या टपरीवर काय, बँकेच्या रांगेत काय, बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच होता: ती त्याच्याबरोबर गेलीच कशाला? त्याने असे का केले, हे विचारणारे मी मोजले. दोन निघाले.

त्यानंतर नऊच दिवसांनी, २७ जूनला, पुण्याच्या सदाशिव पेठेत, पेरुगेटजवळ, भर सकाळी, एक तरुण हातात कोयता घेऊन कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीच्या मागे धावला. ती जीव घेऊन पळत होती. रस्ता रिकामा नव्हता. त्या भागात अभ्यासिका, खानावळी, पुस्तकांची दुकाने, मुलांची सतत वर्दळ. तरी माणसे बाजूला झाली. मुलीच्या डोक्याला आणि हाताला जखमा झाल्या. पुढचा घाव पडणार तेवढ्यात लेशपाल जवळगे या स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाने त्या तरुणाचा कोयत्याचा हात धरला. हर्षद पाटील आणि आणखी मुले धावली, त्याला पकडले. मुलगी वाचली.

लेशपालचे महाराष्ट्रभर कौतुक झाले आणि ते योग्यच झाले. पण पुढे काय झाले तेही ऐका. त्या मुलीची जात कोणती आणि त्या कोयतेवाल्याची कोणती, असे विचारणारे लोक त्याला भेटू लागले, आणि त्याबद्दल त्याने समाजमाध्यमावर जाहीरपणे खेद व्यक्त केला. हात धरताना त्याने जे विचारले नाही, ते लोकांना हात धरून झाल्यावर हवे होते. आपल्या समाजाला हा प्रश्न नवा नाही, म्हणून अधिक बोलत नाही.

मित्रहो, मला या घटनेतले शेवटचे क्षण सांगायचे नाहीत. ते सगळ्यांनी मोबाईलवर पाहिले आहेत. त्याआधीचे सांगायचे आहे. त्या मुलीने नंतर जे सांगितले त्यावरून दिसते की हे एका सकाळी उपटले नव्हते. नकार दिल्यावर तो फोन करीत होता, धमक्या देत होता, तिच्या कॉलेजपर्यंत येत होता. त्याच्या घरच्यांच्या कानावर घातले गेले होते. म्हणजे कोयता निघण्याआधी बरेच दिवस गेले, आणि त्या दिवसांत हे काही ना काही माहीत असलेली माणसे होती. अशी माणसे प्रत्येक वेळी असतात. त्याच्या वर्गातली, तिच्या मैत्रिणींतली, कॉलेजच्या फाटकावरची, गल्लीतली. कोयता धरायला लेशपालची हिंमत लागते, आणि ती सर्वांपाशी असेल असे मी म्हणणार नाही, माझ्यापाशी नाही. परंतु आधीच्या त्या दिवसांत जे करायचे असते त्याला एवढी हिंमत लागत नाही. त्याविषयीच मला बोलायचे आहे.

धाडसाची नुसती स्तुती करून तुम्हाला पुढे ढकलणे हा अप्रामाणिकपणा होईल, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. २० ऑक्टोबर २०११ रोजी मुंबईत अंधेरी येथे कीनन सँटोस आणि रुबेन फर्नांडिस हे दोन तरुण मैत्रिणींसह जेवायला गेले होते. मैत्रिणींची छेड काढणाऱ्याला त्यांनी हटकले. तो गेला आणि टोळके घेऊन परत आला. दोघांवर चाकूने वार झाले. कीनन त्याच रात्री गेला, रुबेन अकरा दिवसांनी. आजूबाजूला माणसे होती, पण कोणी मध्ये पडले नाही. मे २०१६ मध्ये चौघांना जन्मठेप झाली, एवढाच काय तो दिलासा. बघणारे दहा जण जरी एकदम पुढे झाले असते तर चाकू चालला असता का, हा प्रश्न मला अजूनही सतावतो.

मग माणसे पुढे का होत नाहीत? आपण चटकन म्हणतो, माणुसकी उरली नाही. मला ते पटत नाही. अमेरिकेत जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन प्राध्यापकांनी १९६८ मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ध्वनियंत्रावरून एकमेकांशी बोलायला लावले. मध्येच त्यातल्या एकाला फिट आल्याचा आवाज येई. हा आवाज अर्थातच आधी ठरवून ठेवलेला होता. ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यातले शंभरात ८५ जण फिट चालू असतानाच मदतीला उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यातले फक्त ३१. आणि जे उठले नाहीत ते निर्विकार नव्हते. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम आला होता. त्यांना बरेच काही करावेसे वाटत होते, पण दुसरा कोणी तरी करील म्हणून ते बसून राहिले. आमच्या खेड्यात याला साधा शब्द आहे, गावाचे काम कुणाचेच नाही.

पुण्यात १८४८ साली सावित्रीबाई मुलींना शिकवायला निघत तेव्हा त्यांच्या अंगावर शेण-माती फेकली जाई. शाळेत गेल्यावर बदलायला त्या दुसरे लुगडे बरोबर नेत, ही हकीकत आपण दर ३ जानेवारीला सांगतो. शेण फेकणारे किती असतील? चार, पाच, दहा. आणि ओट्यांवर बसून बघणारे किती असतील? त्यांच्याविषयी आपण कधी बोलत नाही.

आता माझे स्वतःचे सांगतो. १९९८ साली मी पुण्यात एका महाविद्यालयात कला शाखेला होतो आणि वसतिगृहात राहत होतो. कोणते महाविद्यालय ते सांगत नाही, कारण दोष त्या इमारतीचा नाही. माझ्याबरोबर आमच्या शेजारच्या वाडीतला एक मुलगा होता. आम्ही एकाच एस.टी.ने ट्रंका घेऊन गेलो होतो. पहिल्याच महिन्यात वरच्या वर्गातल्या काही मुलांनी त्याला धरले. शिष्यवृत्तीचा अर्ज भरला म्हणून 'सरकारचे जावई' हा शब्द सुरू झाला. मग कपडे धुवायला देणे, मग रात्री उठवून खाटेवर उभे करणे आणि अर्जातला जातीचा रकाना मोठ्याने वाचायला लावणे. एका रात्री मी मेसमधून ताट घेऊन वर आलो तेव्हा त्या खोलीचे दार उघडे होते. तो खाटेवर उभा होता, अंग ओले होते, आणि एकाने त्याच्या तोंडात मारलेली मी पाहिली. त्याने मला पाहिले. मी दारात उभा राहिलो, किती वेळ ते सांगता येणार नाही, आणि मग ताट घेऊन परत खाली गेलो. ते ताट मी नळाखाली खूप वेळ धूत बसलो होतो.

मी स्वतःला काय सांगितले असेल? माझा अर्ज त्यांच्या हाती लागला नव्हता, आणि लागू नये हे मला हवे होते. खरे कारण एवढेच. दिवाळीच्या आधी त्याचे वडील आले आणि त्याला घेऊन गेले. ट्रंक टपावर चढवायला मी मदत केली. तेव्हाही काही बोललो नाही. तो पुढे शिकला नाही.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९९ साली, महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा आला. विद्यार्थ्यांनी तो नीट समजून घ्यावा म्हणून दोन गोष्टी सांगतो. रॅगिंग करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि शिक्षा झाली की महाविद्यालयातून काढून टाकतात व पाच वर्षे दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तक्रार आल्यावर संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी केली पाहिजे, आणि त्याने तिकडे दुर्लक्ष केले तर त्याने गुन्ह्याला साहाय्य केले असे कायदा मानतो. म्हणजे बघून न बघितल्यासारखे करणारा साहेब हा कायद्याच्या दृष्टीने बघ्या राहत नाही, भागीदार होतो. तक्रार मात्र लेखी द्यावी, आणि तिची पोच घ्यावी. बँकेतल्या माणसाचा हा सल्ला समजा, तोंडी व्यवहाराला आमच्याकडे किंमत नाही.

कायदा झाला म्हणून सर्व थांबले असे नाही. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या वसतिगृहात डॉ. पायल तडवी हिने आत्महत्या केली. जळगावकडची, आदिवासी तडवी समाजातली मुलगी, स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर जातीवाचक छळाचा आणि रॅगिंगचा आरोप ठेवला गेला. तिची आई आबेदा तडवी यांनी आधी विभागात जाऊन गाऱ्हाणे घातले होते, असे त्यांनी सांगितले आहे. शस्त्रक्रियागृह, वॉर्ड, वसतिगृह, एवढ्या ठिकाणी रोज किती माणसे तिच्या अवतीभोवती असतील. तीही सगळी शिकलेली, डॉक्टर माणसे. शिक्षणाने माणूस आपोआप पुढे होतो, हा माझा भ्रम त्या वर्षी गेला.

आणि खर्ड्याचा नितीन आगे तर आपल्यातल्या कुणालाही विसरता येणार नाही. जामखेड तालुक्यातला सतरा वर्षांचा विद्यार्थी. २८ एप्रिल २०१४. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो म्हणून त्याला मारहाण झाली, तीही शाळेच्या आवारातून सुरू झाली, असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे होते. नंतर त्याचा मृतदेह झाडाला लटकलेला मिळाला. खटला उभा राहिला तेव्हा एकामागून एक साक्षीदार उलटले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले. म्हणजे पाहणाऱ्यांची परीक्षा त्या दुपारी संपली नव्हती, ती पुढे साडेतीन वर्षे चालू होती. साक्षीदाराला भीती असते, गावात राहायचे असते, हे मला मान्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षणाची योजना देशभर लागू केली ती यासाठीच. साक्षीदाराला धोका असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी त्यासाठी अर्ज करता येतो. हे आपल्या संस्थेच्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असावे, कारण अशी वेळ आली की लोक वकिलाकडे जाण्याआधी संस्थेकडे येतात.

आता प्रत्यक्ष काय करायचे? माझ्या बँकेतला एक साधा प्रसंग सांगतो. बचत गटाच्या एका बाईंबरोबर त्यांचा नवरा आला होता. तो स्लिप पुढे करून 'काढ पैसे' म्हणत होता, आवाज चढलेला, बाईंचा दंड हातात धरलेला. रांगेतले सगळे छताकडे बघू लागले. मी काही उपदेश केला नाही. मी म्हटले, "ताई, ही सही जुळत नाही. तुम्ही जरा आत साहेबांकडे या, एकट्याच." दंड सुटला. आत गेल्यावर शाखाधिकाऱ्यांनी त्यांना पाणी दिले, बसवले, काय ते विचारले. सही अगदी बरोबर होती. चाळीस वर्षांच्या वयात मला कळले ते एवढेच की मध्ये पडणे म्हणजे अंगावर जाणे नव्हे. चालू असलेली गोष्ट एक मिनिट तोडली तरी पुष्कळ होते.

महाविद्यालयातही तसेच. कुणी मुलगा एखाद्या मुलीची वाट अडवून उभा असेल तर त्याच्याशी भांडायला जाऊ नका. तिला हाक मारा. "अगं, मॅडम बोलावताहेत, चल." मॅडमने बोलावलेले नसले तरी चालेल. तिची ओळख नसली तरी चालेल. एकट्याने जाऊ नका, दोघे-तिघे जा. आणि गर्दी असेल तर 'कोणी तरी पोलिसांना बोलवा' असे ओरडू नका, त्याने कोणीच बोलावत नाही. मघाचा प्रयोग आठवा. एकाकडे बोट दाखवून सांगा, "दादा, निळा शर्ट, तुम्ही ११२ ला फोन लावा." बोट दाखवले की गर्दीतला तो माणूस पुन्हा एकटा होतो, आणि एकटा माणूस उठतो. हत्यार दिसले तर अंतर ठेवा, फोन करा, जखमी माणसाला आधी हलवा. तुमचा जीवही कुणाच्या तरी घरचा आहे.

मोबाईलबद्दल थोडे. घटनेचे चित्रण पुरावा म्हणून उपयोगी पडते, यात शंका नाही. एकाने ते करावे, बाकीच्यांनी हात रिकामे ठेवावेत. आणि ते पोलिसांना द्यावे, ग्रुपवर टाकू नये. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलीची ओळख उघड करणे हा कायद्याने गुन्हाच आहे. आपल्याकडे कोयत्याने केक कापून वाढदिवस करणे आणि त्याचे स्टेटस ठेवणे ही एक नवी टूम निघाली आहे. त्याला अंगठा दाखवून 'भाई' म्हणणारी आपली मुले मला दिसतात. ती गंमत आहे असे त्यांना वाटते. मला त्यात तो कोयता दिसतो.

मुलांना, म्हणजे मुलग्यांना, एक वेगळे सांगायचे आहे. अशा विषयावर बोलायला लागले की तुम्हाला वाटते, आपल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात १९९३ साली जॅक्सन कॅट्झ यांनी एक उपक्रम सुरू केला, त्यात त्यांनी हीच चूक टाळली. मुलांना त्यांनी संभाव्य गुन्हेगार म्हणून पाहिले नाही. हिंसा करणाऱ्याचा मित्र म्हणून, त्याचा शब्द ज्याला ऐकायला येतो असा माणूस म्हणून पाहिले. मला हे फार मोलाचे वाटते. नकार पचवता न आलेला मुलगा प्राचार्यांचे ऐकत नाही, बापाचे ऐकत नाही. तो ज्याच्या मोटारसायकलवर मागे बसतो त्याचे ऐकतो. तो रात्री अकरा वाजता म्हणतो, 'बघतोच तिला'. तेव्हा तुम्ही हसलात तर त्याला वाटते आपले बरोबर आहे. "नाही म्हणाली, विषय संपला, चल जेवायला," असे म्हणालात तर तो चिडेल, दोन दिवस बोलणार नाही. चालेल. तिचा नंबर मागितला तर देऊ नका. तिच्या क्लासची वेळ विचारली तर सांगू नका. आणि तो खरोखर धमकी देतो आहे असे वाटले तर तिला आणि एका जबाबदार मोठ्या माणसाला कळवा. याला चुगली म्हणत नाहीत. नकारानंतर पुन्हा पुन्हा मागे लागणे, फोन करणे, पाठलाग करणे हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. नव्या न्याय संहितेत त्याचे कलम ७८ आहे आणि पहिल्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तेव्हा त्याला वेळेवर अडवणारा मित्र त्याचेही आयुष्य वाचवतो.

आणि आता पालकांसाठी. हे बोलताना मला संकोच वाटतो, पण बोलतो. आपल्या भागातली मुलगी एस.टी.त किंवा कॉलेजच्या वाटेवर झालेला त्रास घरी सांगत नाही. का सांगत नाही, हे मी माझ्या पुतणीला विचारले. ती म्हणाली, "काका, सांगितलं तर कॉलेज बंद होईल." म्हणजे त्रास देणाऱ्याला आपली मदत झाली, आणि ती आपण घरबसल्या केली. तिने सांगितल्यावर आपल्या तोंडून पहिले वाक्य कोणते निघते, यावर ती दुसरे वाक्य बोलेल की नाही हे ठरते. 'तू तिकडून गेलीच कशाला' हे ते वाक्य नव्हे. 'बरं झालं सांगितलंस' एवढे म्हणा, मग काय करायचे ते दोघे मिळून ठरवा. महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते. ते १९९७ च्या विशाखा निकालापासून आणि नंतर २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. प्रवेश घेताना फी किती हे आपण विचारतो, त्याच खिडकीवर विचारा, समितीत कोण कोण आहेत, फलक कुठे आहे. रॅगिंगसाठी देशपातळीवर १८००-१८०-५५२२ हा विनामूल्य क्रमांक आहे, तो मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या.

आपल्या संस्थेला माझी एक विनंती आहे. आपण वह्या देतो, गुणगौरव करतो, ते चालू राहावे. त्याबरोबर दरवर्षी जूनमध्ये, बाहेरगावी शिकायला जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीमागे संस्थेतला एक मोठा माणूस नेमावा. त्याने महिन्यातून एकदा फोन करायचा, आणि अभ्यास कसा चालला आहे हे विचारायच्या आधी झोप लागते का हे विचारायचे. याला निधी लागत नाही. यादी करायला मी तयार आहे, ते माझे रोजचेच काम आहे.

शेवटी त्या माझ्या शेजारच्या वाडीतल्या मित्राचे सांगतो. त्याची परवानगी घेतली आहे. नाव घेऊ नको, बाकी सांग, असे तो म्हणाला. आता त्याचा दुधाचा टेंपो आहे. कर्जाचा हप्ता भरायला तो महिन्याच्या महिन्याला माझ्याच खिडकीवर येतो. इतकी वर्षे आम्ही पाऊस, दुधाचा भाव, पासबुक, एवढेच बोललो. गेल्या वर्षी एके दिवशी रांग नव्हती. मी त्याला विचारले, त्या रात्री मी दारात होतो हे तुला आठवते का? तो म्हणाला, "आठवतं ना. तुझ्या हातात ताट होतं." मी म्हटले, ते चौघे होते, मी एकटा काय करणार होतो? तो जराही रागावला नाही. म्हणाला, "मारामारी कर असं कुठं म्हणतोय मी. नुसती हाक मारायची होतीस. जेवायला चल, एवढंच म्हणायचं होतंस."

मला काही बोलता आले नाही. त्याने नोटा मोजून पुढे केल्या, मी त्या पुन्हा मोजल्या, शिक्का मारला. जाता जाता तो वळला आणि म्हणाला, "पोरगी जूनमध्ये पुण्याला हॉस्टेलला जायचीय. तिथल्या रेक्टरना भेटायचंय, मला एकट्याला बोलता येत नाही. येशील का?"

मी रजेचा अर्ज टाकला आणि त्याच्याबरोबर गेलो. रेक्टरबाईंना आम्ही समितीचा फलक कुठे आहे ते विचारले. फलक होता, पण जिन्याखाली, आणि त्यावरची नावे दोन वर्षांपूर्वीची होती. ती बदलून घेण्यासाठी आम्ही पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो.

जयभीम.